तालमीच्या मातीतून मैदानाकडे

(पालक व क्रीडाशिक्षकांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळी सहाच्या सुमारास कोणत्याही शहराच्या रस्त्यावर हमखास दिसणारे एक दृश्य आहे. नऊ-दहा वर्षांचा मुलगा, त्याच्या उंचीएवढी क्रिकेटची पिशवी, आणि दुचाकी चालू ठेवून घाई करणारे वडील. सकाळी नेट, मग शाळा, शाळेनंतर शिकवणी आणि सुटीच्या दिवशी सामने. या मुलाच्या आजोबांनी लहानपणी मारुतीच्या देवळाशेजारच्या तालमीत जोर काढलेले असतात. नातवालाही दोन दिवस तिकडे पाठवावे असे ते सुचवतात. त्यावर घरातून ठरलेले उत्तर येते : "त्याला कुठे पैलवान व्हायचे आहे? तो क्रिकेट खेळतो."

आजचा विषय या उत्तराभोवतीच फिरणारा आहे. ज्याला पैलवान व्हायचे नाही, ज्याला क्रिकेट, फुटबॉल, बॅडमिंटन किंवा कबड्डी खेळायची आहे, त्या मुलाला कुस्ती, मल्लखांब, लाठी, नियुद्ध, ज्यूदो वा कराटे यांचा काय उपयोग? वडिलांचा प्रश्न प्रामाणिक आहे, त्यामुळे उत्तरही तितकेच प्रामाणिक असले पाहिजे. केवळ परंपरेचा अभिमान सांगून भागणार नाही. मुलाच्या गुडघ्याचे, खांद्याचे, पाठीचे आणि मनाचे काय होते, हे सांगावे लागेल.

पूरक व्यायामाची जुनी कल्पना

एका खेळात प्रावीण्य मिळवण्यासाठी दुसऱ्या व्यायामाची जोड द्यावी, या विचाराला आज इंग्रजीतून 'क्रॉस ट्रेनिंग' असे नाव मिळाले आहे. हा शोध पाश्चात्त्य क्रीडाशास्त्राचा आहे अशी अनेकांची समजूत असते. परंतु महाराष्ट्राच्या मातीत उभा असलेला मल्लखांब हा या विचाराचा सर्वांत बोलका पुरावा आहे. 'मल्ल' आणि 'खांब' या दोन शब्दांतच त्याचे प्रयोजन आले आहे. मल्लाने कुस्तीसाठी अंग घडवावे म्हणून उभारलेला तो खांब. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आढळतो. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात, बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येचे पुनरुज्जीवन केले.

खांब प्रतिस्पर्ध्यासारखा कवेत घ्यायचा, त्याला मांड्यांची अढी घालायची, बगलेत धरायचा, त्याच्यावरून उलटे उतरायचे. खांब हलत नाही, दमत नाही आणि सवलतही देत नाही. एरंडेल तेलाने गुळगुळीत केलेल्या, सुमारे साडेआठ फूट उंचीच्या त्या सागवानी किंवा शिसवी खांबावर टिकून राहायचे तर हात, पोट, पाठ आणि मांड्या यांना एका क्षणी एकत्र काम करावेच लागते. कुस्तीला पूरक म्हणून जन्मलेला हा व्यायाम पुढे स्वतंत्र क्रीडाप्रकार झाला. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून जगाला त्यांचा परिचय घडवला. 2019 मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरली. ज्या विद्येचा जन्मच दुसऱ्या विद्येच्या साहाय्यासाठी झाला, ती अन्य खेळांना साहाय्यक ठरते यात नवल ते काय?

पडण्याची विद्या

पहिला लाभ अगदी साधा, पण सर्वांत मोलाचा आहे. मुलाला पडता येऊ लागते.

मैदानावर मूल पडणारच. तोल जाताच माणूस स्वाभाविकपणे हात ताठ करून जमिनीवर टेकवतो. मग शरीराचा सारा भार मनगटावर, कोपरावर आणि गळपट्टीच्या हाडावर येतो. लहान मुलांच्या हाडांना होणाऱ्या इजांपैकी पुष्कळशा याच पद्धतीच्या पडण्यातून होतात. तालमीत किंवा ज्यूदोच्या गादीवर प्रथम शिकवतात ते नेमके याच्या उलट. हनुवटी छातीशी घ्या, पाठ गोल करा, हात ताठ ठेवू नका, आघात अंगावर पसरू द्या आणि लोळत उठा. 1882 मध्ये जपानमध्ये ज्यूदोची शाळा स्थापन करणारे जिगोरो कानो हे व्यवसायाने शिक्षक होते. दुसऱ्याला पाडण्याआधी स्वतः सुरक्षितपणे पडायला शिकावे हा क्रम त्या विद्येत आजही पाळला जातो. आपल्याकडील कोलांट्या आणि लाल मातीतील लोळण यांच्यामागेही हीच समज आहे.

क्षेत्ररक्षण करताना सूर मारणारा क्रिकेटपटू, धडक बसून कोसळणारा फुटबॉलपटू, पकडीतून सुटताना आदळणारा कबड्डीपटू आणि खांबाजवळ सूर मारणारी खो-खोपटू या साऱ्यांना ही विद्या एकसारखी उपयोगी आहे. ज्याला पडता येते तो पडण्याला भीत नाही, आणि जो पडण्याला भीत नाही तो चेंडूसाठी अर्धे पाऊल आधी झेपावतो.

दोन्ही बाजूंचे शरीर

आजचे बहुतेक लोकप्रिय खेळ एकांगी आहेत. गोलंदाज एकाच हाताने चेंडू टाकतो, बॅडमिंटनपटू एकाच हातात रॅकेट धरतो. वाढीच्या वयात वर्षानुवर्षे तीच हालचाल, त्याच स्नायूंवर तोच ताण. तरुण वेगवान गोलंदाजांच्या कमरेच्या मणक्यांना सूक्ष्म तडे जाण्याचे दुखणे आज जगभरच्या क्रिकेटला परिचित आहे, आणि म्हणूनच अनेक देशांनी किशोरवयीन गोलंदाजांच्या षटकांवर मर्यादा घातल्या आहेत. उड्या मारणाऱ्या व धावणाऱ्या मुलांच्या गुडघ्याखाली, वाढणाऱ्या हाडाच्या टोकाशी, होणारी वेदनाही डॉक्टरांना रोज पाहावी लागते.

आता लाठी किंवा दांडपट्ट्याचा अभ्यास पाहा. पवित्रा डावाही आहे आणि उजवाही. लाठी एका हातातून दुसऱ्या हातात जाते. मल्लखांबाच्या पकडी दोन्ही बाजूंनी बसवाव्या लागतात. कुस्तीत एका बाजूचाच डाव येत असेल तर प्रतिस्पर्धी तो चार क्षणांत ओळखतो. मुद्गल फिरवताना खांदा सर्व दिशांनी पूर्ण फिरतो. एकांगी खेळाने शरीरात निर्माण होणारा असमतोल सावरण्याचे काम हे व्यायाम करतात. जोर आणि बैठका यांनी येणारे पोटाचे, कमरेचे व मांड्यांचे बळ हेच पुढे धावणे, वळणे, थांबणे आणि उडी मारून उतरणे यांचे अधिष्ठान असते. फुटबॉलच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने खेळाडूंच्या इजा कमी करण्यासाठी जो पूर्वव्यायामाचा कार्यक्रम आखला, त्यात धड स्थिर ठेवणे, एका पायावर तोल राखणे आणि उडीनंतर गुडघा आत न वळवता उतरणे यांवरच भर आहे. हा कार्यक्रम नियमितपणे पाळणाऱ्या संघांत इजा लक्षणीयरीत्या घटल्याचे अभ्यासांतून दिसले आहे. तालमीत भल्या पहाटे गुरू जे करून घेत आले, त्याच दिशेने हे शास्त्र चालले आहे.

खेळ आणि उदाहरणे

कबड्डीचे नाते तर उघडच आहे. चढाई करणाऱ्याचा घोटा धरणे, मांडी धरणे, कमरेत पकड घालणे ही कुस्तीचीच भावंडे. एकेरी पट काढायला शिकलेल्या मुलाला घोट्याची पकड वेगळी शिकवावी लागत नाही. चढाईत दम धरून ठेवण्याची सवयही तालमीतल्या श्वासाच्या शिस्तीतून येते. खो-खोमध्ये खांबाला वळसा घेताना आणि सूर मारताना लागणारी लवचीकता मल्लखांबावर सहज घडते. 2025 च्या जानेवारीत दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी विजेतेपद मिळवले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. देशी खेळांच्या या यशानंतर देशी व्यायामाकडे पाहण्याची दृष्टीही बदलायला हवी.

परंतु लाभ देशी खेळांपुरता नाही. हॉकीचे जादूगार मेजर ध्यानचंद यांना बालपणी हॉकीची नव्हे, तर कुस्तीची आवड होती. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनचे कांस्यपदक मिळवणारी सायना नेहवाल लहानपणी कराटे शिकत होती. स्वीडनचा विख्यात फुटबॉलपटू झ्लाटान इब्राहिमोविच बालवयात तायक्वांदो शिकला होता. उंच देहयष्टी असूनही डोक्याच्या उंचीवरचा चेंडू पायाने टिपण्याचे त्याचे कौशल्य जगाने पाहिले. कुस्तीमुळे ध्यानचंद घडले किंवा कराटेमुळे पदक मिळाले, असा दावा येथे नाही. तसे म्हणणे त्यांच्या तपस्येवर अन्याय करणारे होईल. मुद्दा इतकाच की बालपणी युद्धकलेला दिलेला वेळ त्यांच्या मुख्य खेळाच्या आड आला नाही.

मनाचे शिक्षण

शरीराइतकाच महत्त्वाचा भाग मनाचा आहे. सांघिक खेळात पराभव अकराजणांत वाटला जातो. आखाड्यात मूल एकटे असते. समोरचा अधिक बळकट आहे हे दिसत असूनही त्याला हात मिळवून उभे राहावे लागते. पाठ टेकली तर ती टेकली आहे हे सर्वांसमक्ष मान्य करावे लागते आणि माती झटकून पुन्हा उभे राहावे लागते. शेवटच्या षटकातील गोलंदाजाला किंवा पेनल्टी मारणाऱ्या खेळाडूला जी मनाची स्थिरता लागते, तिची ही पहिली शाळा होय.

मारामारीची विद्या शिकवली तर मूल भांडखोर होईल, अशी शंका अनेक मातांच्या मनात असते. ती निराधार नाही, आणि तिचे उत्तर शिकवण्याच्या पद्धतीत आहे. 1986 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वाट चुकलेल्या किशोरांचे तीन गट करून सहा महिने प्रशिक्षण देण्यात आले. एका गटाला ध्यान, आदर आणि संयम यांसह पारंपरिक तायक्वांदो शिकवले, दुसऱ्याला केवळ लढण्याचे तंत्र, तर तिसऱ्याला धावणे व चेंडूचे खेळ. पहिल्या गटाची आक्रमकता घटली. दुसऱ्याची वाढली. अभ्यास लहान होता, परंतु त्याचा बोध मोठा आहे. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अमेरिकन अभ्यासात, शाळेत तीन महिने पारंपरिक पद्धतीने तायक्वांदो शिकलेल्या मुलांचा आत्मसंयम नेहमीच्या शारीरिक शिक्षणाच्या तासाला जाणाऱ्या मुलांपेक्षा अधिक सुधारल्याचे दिसले.

आपल्याकडे आखाड्यात पाय ठेवण्यापूर्वी मातीला हात लावून वंदन करतात, वस्तादांना नमस्कार करतात, मारुतीपुढे दिवा असतो. हे बाह्य उपचार नव्हेत. हाती येणारे बळ कोणासाठी वापरायचे आणि कोणावर वापरायचे नाही, याचा तो रोजचा पाठ आहे. समर्थ रामदासांनी गावोगावी मारुतीची स्थापना केली ती बलाची उपासना म्हणून. आणि मारुतीचे बळ हे सेवकाचे बळ आहे. संस्काराविना शिकवलेले तंत्र हे धार लावलेले पण मूठ नसलेले शस्त्र होय.

काही स्पष्ट इशारे

लाभ सांगितले तसे धोकेही सांगितले पाहिजेत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2016 मध्ये मुलांच्या युद्धकला-प्रशिक्षणाविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. संपर्कविरहित अभ्यासाने शरीराचे कौशल्य वाढते व इजेचा धोका कमी राहतो, मात्र डोक्यावर आघात होणारे प्रकार मुलांसाठी योग्य नाहीत, असा त्याचा आशय आहे. पालकांनी हे ध्यानात ठेवावे. डोक्यावर प्रहार करू देणारा, मऊ माती किंवा गादीविना पाडापाडी करणारा, किंवा वजनगटासाठी वाढत्या मुलाला उपाशी ठेवणारा वर्ग कितीही पदके मिरवत असला तरी तेथे मूल पाठवू नये. वर्षभरात काळा पट्टा देण्याचे आश्वासन देणाऱ्यांपासूनही दूर राहावे. विद्या पट्ट्याच्या रंगाने येत नाही.

दुसरा इशारा ओझ्याचा. सहा दिवस क्रिकेट आणि त्यावर आणखी दोन दिवस तालीम, असे केले तर औषधच रोग होईल. मुलाच्या वयाची जितकी वर्षे, त्याहून अधिक तास त्याने आठवड्यात संघटित खेळात घालवू नयेत, असा एक सोपा संकेत क्रीडावैद्यकात सांगितला जातो. आठवड्यातून एक-दोन दिवस विश्रांतीचे असावेत, आणि पंधरा-सोळा वर्षांपर्यंत एकाच खेळाला जखडून घेऊ नये, असेही तज्ज्ञ सुचवतात. तेव्हा तालमीचा वेळ मुख्य खेळाच्या वेळात मिळवायचा नाही, त्यातून काढायचा आहे. पाच दिवसांचे नेट तीन दिवसांवर आणून दोन दिवस मातीला द्यावेत. धावा त्याने कमी होणार नाहीत. उलट शरीर अधिक वर्षे साथ देईल.

काय करता येईल?

सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना डावपेच नकोत. कोलांट्या, लोळण, पडणे, तोल, दोरीवर लोंबकळणे आणि खेळातून शिकलेले पवित्रे एवढे पुरे. दहा ते तेरा या वयात आठवड्यातून दोन दिवस, सुमारे पाऊण तास, मल्लखांब, कुस्तीची प्राथमिक पकड किंवा लाठी शिकवावी. चौदा वर्षांनंतर, वस्तादांच्या आणि मुख्य खेळाच्या प्रशिक्षकांच्या विचाराने, बळ वाढवणाऱ्या व्यायामाची जोड द्यावी. स्पर्धेचा मोसम चालू असताना प्रमाण कमी करावे, मोसम संपला की वाढवावे.

मुलींचा विचार यात आवर्जून व्हावा. वाढीच्या वयात मुलींच्या गुडघ्याच्या अस्थिबंधनाला इजा होण्याचा धोका मुलांपेक्षा अधिक असतो आणि तोल, उतरणे व मांड्यांचे बळ यांच्या शिक्षणाने तो कमी होतो. दोरीचा मल्लखांब मुलींनी आज आपलासा केला आहे. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंनी बालपणी बिठूरला घोडदौड आणि तलवारीचे शिक्षण घेतले, हे मुलींना अभिमानाने सांगायचे आणि स्वतःच्या मुलीला मात्र आखाड्याबाहेर ठेवायचे, ही विसंगती संपली पाहिजे. बळाबरोबर तिच्या पदरी येणारा आत्मविश्वास मैदानाबाहेरही तिच्या सोबत राहील.

यासाठी मोठ्या इमारती लागत नाहीत. संघाच्या शाखेत एका तासात, एका मोकळ्या मैदानावर खेळ, दंड आणि नियुद्ध यांची सांगड घातली जाते. पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ, दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर, अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या संस्था शतकाची वाटचाल पूर्ण करूनही उभ्या आहेत. मल्लखांबाचे प्रशिक्षक उदय देशपांडे यांना 2024 मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि मल्लखांब, गटका, कलरीपयट्टू व थांग-ता हे प्रकार 'खेलो इंडिया'त समाविष्ट झाले. शासनाने दार उघडले आहे. उंबरठा ओलांडायचा तो समाजाने. क्रिकेटचे प्रशिक्षक आणि तालमीचे वस्ताद एकाच गावात राहूनही एकमेकांना ओळखत नाहीत, ही स्थिती बदलणे कोणत्याही अनुदानावाचून शक्य आहे. शाळेतील क्रीडाशिक्षकाने दोघांना एकदा एकत्र बसवावे, इतकेच.

अनेक गावांत मारुतीच्या देवळाशेजारी तालमीची खोली अजून आहे. कुठे तिला कुलूप आहे, कुठे तीत मांडवाचे सामान ठेवले आहे. माती वर्षानुवर्षे कोणी उकरलेली नाही. ज्यांच्या हातांनी ती उकरली जायची, ते आजोबा आजही नातवाला घेऊन जायला तयार आहेत. त्यांच्यामागून वस्ताद सापडणार नाहीत, कारण ही विद्या पुस्तकातून उतरत नाही, हाताने हाताला द्यावी लागते. म्हणून हा प्रश्न पुढच्या पिढीवर टाकता येणार नाही.

तेव्हा त्या सकाळच्या वडिलांनी मुलाची क्रिकेटची पिशवी खाली ठेवायची नाही. फक्त आठवड्यातून दोन दिवस ती घरी ठेवून, आजोबांचे बोट धरून त्याला तालमीकडे पाठवायचे आहे. उरलेल्या दिवसांत तो मैदानावर पडेल तेव्हा त्याला पडता येत असेल, आणि उठेल तेव्हा न घाबरता उठेल. बलसंपन्न, संयमी आणि निर्भय पिढीची घडण अशा दोन दिवसांतूनच होत असते.